पाळीव प्राण्याचा विमानप्रवास : तारखेपासून मागे मोजत करायची तयारी

पाळीव प्राण्याला विमानाने न्यायचे ठरले की बहुतेक घरांत आधी तिकीट काढले जाते, मग क्रेटची, म्हणजे प्राण्याला बंद करून नेण्याच्या पेटीसारख्या पिंजऱ्याची, शोधाशोध होते आणि शेवटच्या आठवड्यात पशुवैद्यांकडे धाव घेतली जाते. हा क्रम पूर्णपणे फिरवायला हवा. देश ओलांडायचा असेल तर सर्वांत जास्त वेळ लस, रक्ततपासणी आणि परवाने यांना लागतो आणि तो अनेकदा महिन्यांत मोजावा लागतो. त्याखालोखाल वेळ प्राण्याला क्रेटची सवय होण्यात जातो आणि तो पैसे मोजून कमी करता येत नाही. तिकीट मात्र काही मिनिटांत निघते. म्हणून प्रवासाची तारीख मनाशी धरून तिथपासून मागे मोजत यावे आणि जे काम सर्वांत संथ आहे ते सर्वांत आधी हाती घ्यावे. पुढील विवेचन मुख्यतः कुत्रा आणि मांजर यांच्याविषयी आहे. ससे आणि पक्षी यांच्याबद्दल ओघात थोडे येईल.

धोका नेमका कुठे असतो

मालकांच्या मनातली भीती बहुधा आकाशातल्या तासांविषयी असते. वस्तुतः विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात, म्हणजे होल्डमध्ये, हवेचा दाब प्रवासी केबिनइतकाच राखलेला असतो. समुद्रसपाटीपासून १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या गावात जो असेल साधारण तेवढा. ज्या होल्डमध्ये प्राणी घेतले जातात तिथे तापमानही आटोक्यात ठेवले जाते. एकदा विमान वर गेले की अंधार आणि एकसुरी घरघर एवढेच उरते आणि क्रेटची सवय असलेले पुष्कळ प्राणी अशा वेळी झोपून जातात.

खरा धोका जमिनीवर असतो. क्रेट गोदामातून विमानापर्यंत उघड्या ट्रॉलीवरून जातो, उड्डाणाला उशीर झाला तर तापलेल्या किंवा गारठलेल्या फरसबंदीजवळ थांबतो, आणि विमान दारे उघडी ठेवून उभे असताना होल्डमधले तापमान राखणे कठीण जाते. क्रेटचे दार कच्चे असेल तर घाबरलेला प्राणी ते ढकलून बाहेर पडतो. दार पक्के असून प्राण्याला क्रेटची सवय नसेल तर तो जाळी चावून दात मोडून घेतो किंवा नखे रक्ताळून घेतो. त्यामुळे तयारीची उद्दिष्टे तीनच राहतात : जमिनीवरचा वेळ कमी करणे, क्रेट निर्दोष असणे आणि आत बसलेला जीव शांत असणे.

पहिले उद्दिष्ट उड्डाण निवडतानाच साधायचे असते. थेट विमान मिळत असेल तर ते महाग असले तरी तेच घ्यावे, कारण प्रत्येक बदलाबरोबर क्रेटची चढउतार आणि प्रतीक्षा दुप्पट होते. उन्हाळ्यात पहाटेचे किंवा रात्री उशिराचे उड्डाण निवडावे, कडक हिवाळ्यात दुपारचे. मार्गावरील कोणत्याही विमानतळावर तापमान साधारण २९ अंश सेल्सिअसच्या वर किंवा ७ अंशांच्या खाली जाणार असेल तर अनेक कंपन्या होल्डमधला प्राणी ऐनवेळी नाकारतात, हे तिकीट काढण्याआधीच लक्षात घ्यायला हवे. सुट्ट्यांच्या गर्दीचा काळही टाळावा. विमान बदलणे अटळच असेल तर अशा विमानतळावरून जावे जिथे प्राण्यांसाठी स्वतंत्र कक्ष आणि पशुवैद्यकीय देखरेख आहे. जर्मनीतले फ्रँकफर्ट हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

न्यावे की न न्यावे

हा प्रश्न भावनेने नव्हे, प्राण्याकडे बघून सोडवावा. आठ-दहा दिवसांच्या सहलीसाठी बहुतेक मांजरांना न नेणेच योग्य होय. मांजराला माणसाइतकीच, किंबहुना अधिक, आपल्या जागेची ओढ असते आणि ओळखीच्या घरात कुणी येऊन खाऊपाणी पाहिले तर ते प्रवासापेक्षा कितीतरी सुखात राहते. स्थलांतर असेल तर प्रश्न वेगळा.

चपट्या नाकाच्या जातींबाबत मात्र विशेष सावध राहावे लागते. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पेकिंगीज, बॉस्टन टेरियर, शिह त्झू हे कुत्रे आणि पर्शियन, हिमालयन, एक्झॉटिक शॉर्टहेअर या मांजरी यांत मोडतात. कुत्रा घामाने नव्हे, तर मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. या जातींत नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मऊ भाग लांब असल्यामुळे धापा टाकताना श्वासमार्ग सुजतो, सुजल्यामुळे हवा कमी मिळते, आणि हवा कमी मिळाल्यामुळे प्राणी आणखी घाबरून आणखी धापा टाकतो. अमेरिकेत मे २००५ पासून विमान कंपन्यांना प्राण्यांच्या मृत्यूंची माहिती सरकारला देणे बंधनकारक झाले. पुढील पाच वर्षांत नोंदल्या गेलेल्या १२२ कुत्र्यांच्या मृत्यूंपैकी सुमारे निम्मे चपट्या नाकाच्या जातींचे होते. अनेक कंपन्या या जातींना होल्डमध्ये घेतच नाहीत. केबिनमध्ये बसण्याइतका प्राणी लहान असेल तर तसे न्यावे. मोठा बुलडॉग असेल तर रस्ता किंवा जहाज यांचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हाताऱ्या प्राण्याचे वय हे एकटे कारण पुरेसे नसते. हृदय आणि मूत्रपिंडे कशी आहेत हे महत्त्वाचे असते. म्हणून सात-आठ वर्षांपुढच्या प्राण्याची रक्ततपासणी आणि हृदयाची तपासणी तिकिटापूर्वी करून घ्यावी. गर्भार मादी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला प्राणी, अंगावरचे दूध न सुटलेली पिल्ले यांना नेऊ नये. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू बहुतेक कंपन्या घेत नाहीत आणि देशांतर करताना रेबीजच्या लसीमुळे ही वयोमर्यादा आणखी पुढे सरकते, ते खाली येईलच.

तीन मार्ग

प्राणी तीन प्रकारे विमानातून जातो. पहिला प्रकार केबिनचा : लहान कुत्रा किंवा मांजर पिशवीसारख्या मऊ कॅरिअरमध्ये, समोरच्या आसनाखाली. पिशवीसह वजनाची मर्यादा कंपनीनुसार बदलते आणि बहुधा पाच ते आठ किलोंच्या दरम्यान असते. दुसरा प्रकार चेक-इन सामान म्हणून, त्याच विमानाच्या होल्डमध्ये. तिसरा कार्गोचा, ज्यात प्राण्याचे स्वतंत्र मालवाहतूक बिल बनते आणि मालक त्या विमानात असायलाच हवा असे नसते.

यांतला कोणता मार्ग खुला आहे हे तुमच्या पसंतीवर कमी आणि गंतव्य देशावर जास्त अवलंबून असते. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये विमानाने येणारा पाळीव प्राणी कार्गो म्हणूनच उतरावा लागतो. केवळ मान्यताप्राप्त साहाय्यक श्वानांना केबिनमधून येता येते. विमानाचा प्रकारही महत्त्वाचा असतो, कारण काही लहान विमानांच्या होल्डमध्ये हवा खेळती ठेवण्याची आणि ऊब देण्याची व्यवस्था नसते. म्हणून कंपनीला फोन करताना ‘तुम्ही प्राणी घेता का’ एवढेच विचारून थांबू नये. अमुक तारखेच्या अमुक उड्डाणावर कोणते विमान आहे, त्यात अमुक जातीचा, अमुक वजनाचा प्राणी आणि अमुक मापाचा क्रेट घेतला जाईल का, आणि आसनाखालची जागा नेमकी किती आहे, हे विचारावे. एका उड्डाणात किती प्राणी घ्यायचे यालाही मर्यादा असते. त्यामुळे आधी प्राण्याची जागा नक्की करावी, मग आपले तिकीट काढावे आणि कंपनीची मान्यता लेखी, निदान ईमेलने, मागून घ्यावी. फोनवर मिळालेला होकार काउंटरवर उपयोगी पडत नाही.

कागदपत्रांचा क्रम

देशांतर्गत प्रवासाला सहसा लसीकरणाचे पुस्तक आणि पशुवैद्यांनी अलीकडे दिलेले आरोग्य प्रमाणपत्र पुरते. देशांतर करताना मात्र एका कामावर दुसरे रचलेले असते आणि एखादी पायरी चुकीच्या क्रमाने झाली तर ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

पहिली पायरी मायक्रोचिपची. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप दोन खांद्यांमध्ये कातडीखाली टोचतात. ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांनुसार, १५ अंकी क्रमांकाची असावी. जुन्या पद्धतीची चिप असेल तर दुसरी बसवावी किंवा ती वाचणारा स्कॅनर सोबत न्यावा. चिप रेबीजच्या लसीपूर्वी, निदान त्याच दिवशी लसीच्या आधी, बसलेली असायला हवी. लस आधी आणि चिप नंतर असे झाले तर त्या लसीची नोंद कोणत्या प्राण्याची हे सिद्ध होत नाही आणि बहुतेक देश ती लस गृहीतच धरत नाहीत. लसीकरणाच्या वेळी पशुवैद्यांना चिप स्कॅन करायला सांगावे आणि पुस्तकात, प्रमाणपत्रात, प्रयोगशाळेच्या अर्जात तोच क्रमांक उतरला आहे ना, हे स्वतः अंक न अंक ताडून पाहावे. एका अंकाच्या चुकीने प्राणी विलगीकरणात गेल्याची उदाहरणे या क्षेत्रात नवी नाहीत.

दुसरी पायरी रेबीजच्या लसीची. युरोपीय संघात प्रवेशासाठी पिल्लू लसीच्या वेळी किमान १२ आठवड्यांचे हवे आणि पहिल्या लसीनंतर २१ दिवस जावे लागतात; म्हणजे १५ आठवड्यांखालचे पिल्लू सहसा जाऊ शकत नाही. पुढची लस मुदत संपण्याआधी दिली तर साखळी अखंड राहते. एक दिवस जरी उशीर झाला तरी ती पहिली लस धरली जाते आणि २१ दिवस पुन्हा मोजावे लागतात.

तिसरी पायरी प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटिबॉडींच्या, रक्तचाचणीची, जिला बोलताना टायटर म्हणतात. रेबीजचा प्रादुर्भाव असलेल्या अनेक देशांतून निघणाऱ्या प्राण्यांना ती लागते. रक्त मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच तपासावे लागते आणि प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकके असावे लागते. युरोपीय संघासाठी लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढतात आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबावे लागते. जपानचा नियम याहून कडक आहे : दोन लसी, त्यानंतर चाचणी, मग १८० दिवसांची प्रतीक्षा आणि पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी तिथल्या प्राणी विलगीकरण सेवेला सूचना. ऑस्ट्रेलियात परदेशातून आलेल्या बहुतेक कुत्र्या-मांजरांना मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथील सरकारी केंद्रात किमान १० दिवस राहावे लागते आणि तिथली जागा आधी राखून ठेवावी लागते. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून येणारा प्रत्येक कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि मायक्रोचिप बसवलेला असावा, असा नियम केला. ही उदाहरणे वाचून कुणी थेट तयारीला लागू नये. नियम बदलतात, म्हणून गंतव्य देशाच्या कृषी किंवा पशुसंवर्धन खात्याच्या अधिकृत पानावर ज्या दिवशी काम सुरू कराल त्या दिवशीचा नियम वाचावा आणि त्याची प्रत काढून ठेवावी.

अखेरच्या दिवसांत दोन कामे येतात. काही देशांत कुत्र्याला फीतकृमीचे औषध ठरावीक वेळेच्या मर्यादेत द्यावे लागते. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे यांच्यासाठी ते पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान, पशुवैद्यांच्या हातून आणि वेळेच्या नोंदीसह द्यावे लागते. आरोग्य प्रमाणपत्र साधारण प्रवासाच्या आधीच्या १० दिवसांत घ्यावे लागते आणि त्यावर सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची सही व शिक्का लागतो. त्या अधिकाऱ्याची वेळ आधीच ठरवून ठेवावी, कारण प्रमाणपत्राची मुदत आणि कार्यालयाच्या सुट्ट्या यांचा मेळ बसला नाही तर सारे मुसळ केरात जाते.

काही जातींवर बंदी आहे, हेही पाहून घ्यावे. ब्रिटनमध्ये पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो आर्जेन्टिनो, फिला ब्राझिलेरो आणि एक्सएल बुली यांना प्रवेश नाही. पोपट पाळणाऱ्यांसाठी वेगळाच कायदा लागू होतो : बजरिगार, कॉकटील, गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड आणि कंठवाला पोपट वगळता पोपटवर्गातील सर्व पक्षी साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचींत आहेत आणि त्यांना परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही.

क्रेट : मोजमाप आणि बांधणी

होल्डमधून जाणाऱ्या प्राण्यांच्या क्रेटचे नियम आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजे आयाटा, आपल्या सजीव प्राणी नियमावलीत देते आणि बहुतेक कंपन्या तेच पाळतात. क्रेटवर ‘विमान कंपन्यांनी मान्य केलेला’ असे छापलेले असले तरी त्यावर विसंबू नये. आयाटा कोणत्याही उत्पादकाला असे प्रमाणपत्र देत नाही आणि तोच क्रेट एका कुत्र्याला योग्य, तर दुसऱ्याला अपुरा असू शकतो.

मोजमाप प्राणी सरळ उभा असताना घ्यावे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजावी, मग जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची, मग खांद्यांपाशी किंवा अंगाच्या सर्वांत रुंद भागापाशी रुंदी, आणि शेवटी जमिनीपासून डोक्याच्या किंवा ताठ कानांच्या टोकापर्यंतची उंची, जी अधिक असेल ती. क्रेटची आतली लांबी म्हणजे पहिले माप अधिक दुसऱ्याचे निम्मे. रुंदी म्हणजे तिसऱ्या मापाची दुप्पट. उंची म्हणजे चौथे माप अधिक अंथरुणाची जाडी. समजा कुत्र्याची मापे अनुक्रमे ७०, ३०, २२ आणि ६२ सेंटीमीटर आली. मग क्रेट आतून किमान ८५ लांब, ४४ रुंद आणि अंथरूण तीन सेंटीमीटरचे धरल्यास ६५ सेंटीमीटर उंच हवा. चपट्या नाकाच्या जातींसाठी यात १० टक्के वाढ करतात. प्राणी आत नैसर्गिकपणे उभा राहिला, वळला आणि पसरून झोपला पाहिजे. गरजेपेक्षा फार मोठा क्रेटही बरा नव्हे. विमान कलले की प्राणी आत घरंगळतो.

बांधणीत पुढील गोष्टी तपासाव्यात. क्रेट कठीण प्लास्टिक, फायबरग्लास, धातू किंवा लाकूड यांचा असावा. घडीचे तारेचे पिंजरे चालत नाहीत. वरचा आणि खालचा भाग जोडण्यासाठी प्लास्टिकच्या चाप्यांऐवजी धातूचे नट-बोल्ट वापरावेत आणि दार धातूच्या जाळीचे असावे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला चारही बाजूंनी हवा यायला हवी, पण नाक किंवा पंजा बाहेर येणार नाही इतकीच भोके असावीत. चाके असतील तर काढून टाकावीत. दाराला कुलूप लावू नये, कारण आणीबाणीत कर्मचाऱ्यांना ते उघडता आले पाहिजे. दाराचे कोपरे प्लास्टिकच्या बंधांनी आवळावेत आणि सुटे बंध क्रेटवर चिकटवून ठेवावेत. पाण्याचे आणि खाण्याचे भांडे दाराच्या आतून अडकवलेले आणि दार न उघडता बाहेरून भरता येण्याजोगे असावे. ‘सजीव प्राणी’ आणि ‘ही बाजू वर’ यांची इंग्रजी लेबले मोठ्या अक्षरांत लावावीत. तळाशी शोषक पॅड अंथरावे. गवत किंवा पेंढा अनेक देशांच्या कृषी नियमांत बसत नाही.

एकमेकांची सवय असलेले, प्रत्येकी १४ किलोंपर्यंतचे दोन प्रौढ प्राणी आयाटाच्या नियमानुसार एका क्रेटमध्ये जाऊ शकतात. तरीही मी तसे करण्याचा सल्ला देणार नाही, कारण घरात गळ्यात गळा घालून झोपणारी मांजरेही घाबरल्यावर एकमेकांवर पंजे चालवतात आणि तिथे सोडवायला कुणी नसते.

क्रेटची सवय

या भागाला किमान सहा ते आठ आठवडे द्यावेत; भित्र्या प्राण्याला तीन महिने. क्रेट घरी आला की त्याचे दार काढून ठेवावे, आत नेहमीचे अंथरूण घालावे आणि तो घरातल्या वर्दळीच्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवून द्यावा. प्राण्याला आत ढकलू नये. तो स्वतः डोकावेल, बाहेर येईल, कदाचित दोन दिवस फिरकणारही नाही. मग जेवणाची वाटी आधी क्रेटच्या दाराशी, मग उंबऱ्याच्या आत आणि शेवटी पार मागच्या भिंतीशी ठेवत जावे. जेव्हा तो बोलावल्याशिवाय आत जाऊन झोपू लागेल तेव्हाच दार बसवावे.

दार लावण्याची सुरुवात काही सेकंदांपासून करावी. आत चघळायला काहीतरी द्यावे, दार लावावे, तो खात असतानाच उघडावे. हा काळ वाढवताना रोज थोडाथोडा वाढवण्यापेक्षा कधी लांब, कधी आखूड असा ठेवावा, म्हणजे ‘दर वेळी आधीपेक्षा जास्त कोंडतात’ असा समज त्याचा होत नाही. तो भुंकू किंवा ओरडू लागला तर त्या क्षणी दार उघडू नये आणि रागावूही नये. क्षणभर शांत झाला की उघडावे आणि पुढच्या वेळी काळ कमी ठेवावा, कारण आपली घाई झाली, एवढाच त्याचा अर्थ असतो. अर्धा तास शांत बसू लागला की दुसऱ्या खोलीत जावे, मग घराबाहेर. रात्रभर दार लावून त्यात निवांत झोपणे हा खरा टप्पा होय.

यानंतर हालचाल आणि आवाज. क्रेट दोघांनी मिळून उचलावा, थोडा हेलकावा द्यावा, ट्रॉलीवरून फिरवावा. मोटारीत घालून आधी पाच मिनिटांच्या, मग तासाभराच्या फेऱ्या माराव्यात आणि त्यांचा शेवट दर वेळी पशुवैद्यांच्या दारात होणार नाही याची काळजी घ्यावी. विमानाच्या इंजिनाच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण आधी अगदी हळू, जेवणाच्या वेळी लावावे आणि आवाज दिवसागणिक वाढवावा. मोटारीत उलटी करणारा प्राणी याच काळात लक्षात येतो आणि त्यावर पशुवैद्यांना वेळेत उपाय सुचवता येतो.

मांजराच्या बाबतीत दोन जास्तीच्या गोष्टी कराव्यात. केबिनमधून जाताना सुरक्षा तपासणीत तिला कॅरिअरबाहेर काढावे लागते, म्हणून अंगात हार्नेस घालून उचलून घेण्याची सवय आधीच लावावी. तसेच कॅरिअरवर टॉवेल टाकून झाकले की बहुतेक मांजरी निवळतात. तो टॉवेल घरीच वापरात आणावा, म्हणजे त्याला घराचा वास राहतो. मांजरांसाठीचे फेरोमोन, म्हणजे त्यांना निवळवणाऱ्या गंधद्रव्याचे, स्प्रे मिळतात; ते मारायचे असतील तर मांजर आत ठेवण्यापूर्वी १५ मिनिटे मारावेत, कारण त्यातला अल्कोहोलचा वास उडून जायला तेवढा वेळ लागतो.

गुंगीच्या औषधांविषयी

‘एक गोळी द्या, झोपून जाईल’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो आणि तो घातक आहे. गुंगीने रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान राखण्याची क्षमता घटते आणि तोल सांभाळता येत नाही. क्रेट कलल्यावर जागा प्राणी पाय रोवतो, गुंगीतला आपटतो. एसप्रोमाझिनसारख्या औषधाने तर प्राणी वरवर शांत दिसतो, पण त्याची भीती कमी होतेच असे नाही. म्हणूनच अमेरिकी पशुवैद्यकीय संघटना आणि आयाटा हे दोन्ही प्रवासात गुंगी देण्याविरुद्ध सल्ला देतात आणि गुंगीत दिसणारा प्राणी विमान कंपन्या काउंटरवरच परत पाठवतात. चिंता कमी करणारी वेगळ्या प्रकारची औषधे असतात आणि केबिनमधून, मालकाच्या नजरेसमोर जाणाऱ्या प्राण्याला काही वेळा पशुवैद्य ती देतातही. तसे ठरले तर प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी घरीच एक मात्रा देऊन परिणाम पाहून घ्यावा. होल्डमधून जाणाऱ्या प्राण्याला शांत ठेवणारे खरे साधन म्हणजे क्रेटची सवय.

शेवटचे दोन दिवस आणि विमानतळ

आदल्या दिवशी नखे कापून घ्यावीत, म्हणजे ती जाळीत अडकत नाहीत. नवे खाद्य, नवे बक्षिसाचे तुकडे, नवा शाम्पू, यांपैकी काहीही सुरू करू नये. प्राण्याचा ताजा फोटो स्वतःच्या फोनमध्ये आणि छापील स्वरूपात क्रेटवर असावा. क्रेटवरच्या प्लास्टिकच्या पाकिटात कागदपत्रांच्या प्रती, दोन्ही ठिकाणचे संपर्क क्रमांक, औषधे चालू असल्यास त्यांची यादी आणि थोडे कोरडे खाद्य ठेवावे. मूळ कागद मात्र स्वतःच्या हातसामानात ठेवावेत.

शेवटचे खाणे उड्डाणाच्या चार ते सहा तास आधी, नेहमीच्या निम्मे द्यावे. पाणी तोडू नये. लहान पिल्लांना मात्र जास्त वेळ उपाशी ठेवता येत नाही, कारण त्यांच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. त्यांचे वेळापत्रक पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे. सशाला तर कधीच उपाशी ठेवू नये, कारण त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते. क्रेटमधल्या भांड्यात आदल्या रात्री पाणी गोठवून ठेवावे. चढउतारात ते सांडत नाही आणि पुढे वितळत जाऊन प्यायला मिळते.

विमानतळावर जाण्याआधी कुत्र्याला चांगले तासभर फिरवावे. गळ्यात साधा सपाट पट्टा असावा. आवळणारी साखळी किंवा तोंडाची मुसकी क्रेटमध्ये घालू नये. मांजराच्या पट्ट्याचा चाप ओढ बसताच सुटणारा असावा. केबिनमधून जाताना सुरक्षा रांगेत कॅरिअर एक्स-रे यंत्रातून जातो, प्राणी कधीही जात नाही. त्याला हातात घेऊन आपण कमानीतून जायचे असते. मांजर बुजरी असेल तर बंद खोलीत तपासणी करण्याची विनंती करावी. अशी सोय अनेक ठिकाणी मिळते आणि सुटलेले मांजर विमानतळावर शोधणे किती अवघड असते हे कर्मचारीही जाणून असतात.

होल्डमधून पाठवत असाल तर विमानात चढल्यावर कर्मचाऱ्यांना आपला प्राणी खाली आहे हे सांगावे आणि तो चढवल्याची खात्री करून घेण्याची विनंती करावी. उड्डाण खूप लांबले, विमान जमिनीवरच उभे राहिले, तर पुन्हा सांगावे. इथे संकोच करू नये. निरोप घेताना मात्र लांबलचक कुरवाळणे टाळावे, कारण मालकाचा कातर आवाज प्राण्याला लगेच कळतो.

पोहोचल्यानंतर

क्रेट हाती आला की आधी जाळीतूनच श्वास, हिरड्यांचा रंग आणि नजर पाहावी. अतिशय वेगाने धापा, खूप लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि तडक पशुवैद्यांकडे न्यावे. तसे काही नसेल तर विमानतळाच्या आवारात क्रेट उघडण्याचा मोह आवरावा. बंद खोलीत किंवा काचा वर केलेल्या मोटारीत, पट्टा लावूनच दार उघडावे. पाणी थोडे थोडे द्यावे आणि पहिले खाणे हलके ठेवावे.

कुत्रा बहुधा लवकर सावरतो. मांजराला नव्या घरात पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावे आणि तिथे तिचे अंथरूण, शौचासाठी माती भरलेले भांडे, पाणी आणि उघडा कॅरिअर ठेवावा. पलंगाखाली लपली तर ओढून काढू नये. तिने सलग २४ तासांहून अधिक काही खाल्ले नाही तर पशुवैद्यांना दाखवावे, कारण उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साठून गंभीर आजार होऊ शकतो, विशेषतः ती जाडजूड असेल तर.

परत यायचे असेल तर परतीचे नियम निघण्यापूर्वीच वाचावेत, कारण ते जाण्याच्या नियमांपेक्षा कडक असू शकतात. युरोपीय संघात राहणारा प्राणी रेबीजचा धोका असलेल्या देशात जाऊन परतणार असेल, तर टायटर चाचणी निघण्याआधी करून ती त्याच्या पासपोर्टमध्ये नोंदवून घेतली असता परतताना तीन महिने थांबावे लागत नाही. तीच चाचणी तिकडे गेल्यावर करायची म्हटली तर प्राण्याला तीन महिने तिथेच ठेवावे लागते. प्रत्येक देशाची अशी काहीतरी अट असते आणि ती निघण्याच्या आधीच पुरी करणे सर्वांत सोपे जाते.